रफू करणारी माशी

कोटाच्या बाहीला ठिणगीने भोक पडलं, तर ते बुजवायच्या दोन तऱ्हा आहेत. घाईतला माणूस भोकाच्या दोन्ही कडा ओढून जवळ आणतो आणि वरून टाका मारतो. भोक बुजतं, पण कापड तिथे आखडतं आणि चौकडा असेल तर त्याच्या रेघा एकमेकींना चुकतात. रफूगर असं करत नाही. तो बाही उलटी करतो, शिवणीत दुमडून ठेवलेल्या कापडातून चार-सहा धागे सोडवून घेतो आणि भोकाशेजारची वीण डोळ्यांसमोर धरून एकेक धागा वरखाली घालत जातो. धागा त्याच कापडाचा, नमुनाही त्याच कापडाचा. काम झाल्यावर भोक नेमकं कुठे होतं हे त्याला स्वतःलाही बोट फिरवून शोधावं लागतं.

पेशीतला डीएनए तुटला की पेशी याच दोन तऱ्हांनी तो सांधते. कधी तुटलेली टोकं नुसती एकमेकांना चिकटवते. त्यात दोन-चार अक्षरं गळतात, एखाद-दुसरं फालतू अक्षर घुसतं. कधी मात्र तिला शेजारी त्याच मजकुराची दुसरी प्रत सापडते आणि ती बघून ती तुटलेला भाग अक्षरशः उतरवून काढते. पुस्तकात पहिल्या तऱ्हेला टोकजोडणी आणि दुसरीला समजात पुनर्संयोग अशी नावं मिळतील. आपण टाका आणि रफू म्हणू.

एवढी तयारी करून सांगायची गोष्ट एकच आहे. फळमाशीच्या एखाद्या ठरावीक जनुकात हवा तो बदल करायचा, हे काम शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं खटपट करून साधलं. त्या बदलातलं एकही अक्षर माणसाच्या हाताने लिहिलेलं नाही. माणसाने फाडलं, सांधलं ते माशीने. आपण शिकलो ते दोन बाबतींत: फाडायचं कुठे, आणि ती सांधायला बसली की तिच्यासमोर नमुना म्हणून काय ठेवायचं.

आधी ही माशी कोणती, ते सांगायला हवं. फळमाशी म्हटल्यावर कोकणातल्या आंबा बागायतदाराच्या कपाळाला आठी पडते, कारण त्याची फळमाशी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते आणि आतल्या अळ्या गराची वाट लावतात. ती माशी वेगळी, तिचं कूळही वेगळं. इंग्रजीत दोघींना एकच नाव पडलं आणि तो घोळ मराठीतही उतरला. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, स्वयंपाकघरात जास्त पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटांच्या गोतावळ्यातली. अडीच-तीन मिलिमीटर लांब, विटकरी-लाल डोळ्यांची, तपकिरी अंगाची. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेल्या खळीवर ती सुखाने नांदते. 25 अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस पुरतात. गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनने ती दुधाच्या बाटल्यांत पाळली. 1910 मध्ये त्याला लाल डोळ्यांच्या घोळक्यात एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. आपल्याला मात्र त्याच खोलीत लवकरच सापडलेली दुसरी माशी हवी आहे. तिचं अंग तपकिरी नसून फिकट पिवळं होतं. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने एका रात्रीत, कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकून, जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. तो 1913 मध्ये छापून आला. त्यात एक्स गुणसूत्राच्या अगदी टोकाला, शून्य अंतरावर, हे अंगाच्या रंगाचं जनुक बसलेलं आहे. आज त्याला 'येलो' म्हणतात. माशीवाल्यांची नावं ठेवायची रीत उफराटी: जनुक बिघडल्यावर जे दिसतं ते जनुकाचं नाव. 'येलो' जनुकाचं काम अंग गडद करण्याचं. ते बिघडलं म्हणजे पिवळेपणा येतो. बटण बंद केल्यावर अंधार होतो म्हणून बटणालाच अंधार म्हणावं, तसा हा प्रकार.

पण हत्याराची धार पाहायला याहून सोयीचं जनुक नाही. ते एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणजे नरात त्याची एकच प्रत; बिघडलं की लगेच दिसतं. बिघडल्यामुळे माशी मरत नाही. आणि अंगाच्या एखाद्याच ठिपक्यात बिघडलं, तरी तपकिरी पाठीवर तेवढा पिवळा डाग उठतो. नवीन सुरी घेतली की आपण ती आधी टोमॅटोवर चालवून बघतो. माशीवाले 'येलो'वर चालवतात. पुढे ही पिवळी माशी वारंवार भेटेल.

फाडण्याची सुरुवात हर्मन मुलरने केली. मॉर्गनच्याच तालमीत तयार झालेला हा माणूस. 1927 मध्ये त्याने टेक्सासमधून जाहीर केलं की माश्यांवर क्ष-किरण सोडले तर संततीत बिघाड कितीतरी पटींनी वाढतात. 1946 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. क्ष-किरण गुणसूत्र तोडतात आणि कुठेही तोडतात. माशीच्या पेशी मग तुटलेली टोकं मिळतील तशी जोडतात, आणि कधीकधी मधला तुकडा उलटा बसतो. असा उलटा तुकडा असलेलं गुणसूत्र आपल्या जोडीदाराशी नीट अदलाबदल करू शकत नाही. हा दोषच पुढे प्रयोगशाळेचा आधार झाला. मुद्दाम वारंवार उलटसुलट केलेल्या अशा गुणसूत्रांना बॅलन्सर म्हणतात. त्यांच्यावर ओळखीची खूणही असते, कुणाचे पंख वर वळलेले, कुणाचे पाठीवरचे केस आखूड. वळलेले पंख दिसले की समजायचं, समोरच्या गुणसूत्रावरचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहणार. माशीवाल्यांची सगळी वंशावळ-शिस्त या चुकीच्या टाक्यांवर उभी आहे.

क्ष-किरण असोत की पुढे आलेली रसायनं, पद्धत एकच: आंधळेपणाने फाडायचं आणि मग हजारो माश्यांतून हवा तो बिघाड झालेली निवडून काढायची. ही पद्धत हिणवण्यासारखी मुळीच नाही. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकींनी माश्यांची प्रयोगशाळा उभी केली. तिथे 1970 च्या दशकात ते आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास नीट न कळणाऱ्या माश्या अशाच निवडून काढल्या. प्रश्न माशीला विचारायचा आणि उत्तर कोणत्या जनुकातून येईल ते तिच्यावर सोडायचं. यात एक मोकळेपणा आहे, आपल्याला सुचलंही नसतं असं जनुक हाती लागतं.

अडचण उलट्या बाजूने येते. जनुक ठाऊक आहे, त्याचा मजकूर ठाऊक आहे, पण ते बिघडलेली माशी जगात नाही. मग काय करायचं?

पहिली वाट 1982 मध्ये ॲलन स्प्रॅडलिंग आणि जेराल्ड रुबिन यांनी बाल्टिमोरमध्ये उघडली. माशीच्या डीएनएत 'पी एलिमेंट' नावाचा एक उडता तुकडा सापडला होता. तो स्वतःला गुणसूत्रातून कापून काढतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. या दोघांनी त्याच्या पोटात डोळ्याच्या रंगाचं चांगलं जनुक भरलं आणि ते रंग बिघडलेल्या माशीच्या अंड्यात टोचलं.

हे टोचणं एकदा जवळून बघायला हवं. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीहून लहान. वरचं कवच ब्लीचमध्ये विरघळवतात किंवा दुतर्फा चिकटपट्टीवर हलकेच लोळवून सोलतात. मग अंडी काचपट्टीवर एका रांगेत लावायची, सगळ्यांची पाठीमागची टोकं एकाच बाजूला. थोडी सुकू द्यायची, कारण टम्म फुगलेल्या अंड्याला सुई लागली की आतलं बाहेर ओघळतं. फार सुकली तर मरतात. वर तेलाचा थर द्यायचा. घड्याळ चालूच असतं. सुरुवातीला अंड्यात केंद्रकं भराभर दुणावतात, पण त्यांच्यामध्ये भिंती नसतात. घर एकच, खोल्या नाहीत. साधारण दीड तासाने मागच्या टोकाला पहिल्या खोल्या पडतात आणि पुढची अंडी-शुक्राणू त्यांतून होणार असतात. त्या खोल्या बंद व्हायच्या आत सुई मागच्या टोकात गेली पाहिजे. नंतर टोचलेलं पुढच्या पिढीत जात नाही. हात स्थिर हवा आणि चहा आधी पिऊन झालेला हवा.

या वाटेने माशीत जनुक घालता येऊ लागलं, पण पी एलिमेंट बसतो त्याला वाटेल तिथे. पत्र पोचतं, पण कोणत्या घरात टाकायचं ते पोस्टमनच ठरवतो.

तोवर दुसऱ्या अंगणात वेगळंच चाललं होतं. यीस्टमध्ये मोकळ्या टोकांचा डीएनए सोडला की यीस्ट त्याचा जुळा मजकूर स्वतःच्या गुणसूत्रात शोधून तिथेच तो बसवते. रफू तिच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. उंदरात मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी हेच मार्टिन एव्हान्सच्या भ्रूणपेशींच्या साहाय्याने साधलं. बशीत लाखो पेशी वाढवायच्या, लाखात एखादीत नेमकं रफू होतं, ती निवडून घ्यायची आणि तिच्यापासून उंदीर घडवायचा. तिघांना 2007 मध्ये नोबेल मिळालं. माशीपाशी यातलं काहीच नव्हतं. बशीत वाढवलेल्या माशीच्या पेशीपासून पूर्ण माशी होत नाही. जनुकशास्त्राचा सगळ्यात लाडका प्राणी, आणि त्याच्याच ठरावीक जनुकावर बोट ठेवता येईना, ही परिस्थिती माशीवाल्यांना चांगलीच टोचत असणार.

तरीही माशी रफू करते, याचा पुरावा 1991 मध्ये मिळाला. विस्कॉन्सिनमध्ये ग्रेग ग्लूर, विल्यम एंगल्स आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या डोळ्याच्या जनुकात बसलेला पी एलिमेंट उडवून लावला. तो गेला तिथे भगदाड पडलं, आणि ते बुजवताना माशीने दुसरीकडे ठेवलेली, थोडा बदल केलेली प्रत वाचून तोच बदल भगदाडात उतरवला. धागा मिळाला तर रफू करीन, असं माशीनेच सांगितलं. पण आपल्याला हव्या त्या जनुकात पी एलिमेंट आधीच बसलेला असणं ही नशिबाची बाब.

2000 हे साल माशीवाल्यांच्या कुंडलीत विशेष. मार्चमध्ये माशीच्या डीएनएचा मजकूर छापून आला, अंदाजे 18 कोटी अक्षरं, पहिल्या मोजणीत सुमारे 13,600 जनुकं. जूनमध्ये त्याच 'सायन्स' नियतकालिकात युटा विद्यापीठातल्या यिकांग राँग आणि केंट गोलिक यांचा लेख आला. कापेकीची प्रयोगशाळाही त्याच विद्यापीठात.

त्यांची युक्ती समजून घ्यायला हवी, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना तीच. यीस्टला मोकळ्या टोकांचा डीएनए लागतो. माशीच्या अंड्यात तसा टोचून भागत नाही. मग तो माशीच्या आतच, नेमक्या वेळी तयार केला तर? पी एलिमेंट वाटेल तिथे बसतो ना, बसू दे. त्याच्या पोटात 'येलो'चा चांगला तुकडा घालायचा. तुकड्याच्या दोन्ही कडांना एकसारख्या खुणा ठेवायच्या आणि मजकुराच्या मध्यभागी 18 अक्षरांची एक जागा घालायची. हे पार्सल गुणसूत्रात कुठेही राहिलं तरी चालेल. ते नुसतं गोदाम आहे.

मग या माशीचा क्रॉस दुसऱ्या माशीशी करायचा. तिच्याजवळ दोन हत्यारं असतात आणि दोन्ही उष्णतेने जागी होतात. अळ्यांची व्हायल तासभर 38 अंशांच्या पाण्यात बुडवायची. पहिलं हत्यार त्या दोन खुणांच्या मधला भाग कापून त्याची बांगडी करतं आणि गुणसूत्रातून सोडवतं. दुसरं हत्यार म्हणजे ती 18 अक्षरं ओळखणारी कात्री. ती बांगडी बरोबर मध्यभागी तोडते. आता पेशीत मोकळ्या टोकांचा एक धागा तरंगतो आहे आणि त्या दोन्ही टोकांवरचा मजकूर 'येलो'चा आहे.

18 अक्षरांच्या कात्रीचा हिशोब घालून बघा. चार अक्षरांतून 18 घरं भरायची तर सुमारे 6,872 कोटी वेगवेगळे शब्द होतात. माशीची पोथी 18 कोटी अक्षरांची. तिच्यात हा शब्द योगायोगाने सापडण्याची शक्यता नगण्य. कात्री माशीचं अंग सोडून फक्त पार्सलच कापते. आणखी एक गंमत: दोन्ही हत्यारं मुळात यीस्टची. माशी जन्मभर यीस्ट खाते, आणि तिच्या जनुकांवर चालवायची अवजारंही आपण यीस्टच्याच घरून उसनी आणली.

पुढचं काम माशीचं. तुटलेल्या टोकांवरचा एक पदर ती कुरतडून मागे सारते, उरलेला उघडा पदर प्रथिनांनी वेढते आणि तो 18 कोटी अक्षरांत आपला जुळा शोधत फिरतो. हे कसं जमतं याची साखळी आता बरीच उलगडली आहे, तरी विचार करत बसलं की मन थबकतं. एवढ्याशा केंद्रकात एक सुटा पदर इकडे टेकून, तिकडे टेकून बघतो, नाही जुळलं की सोडतो, आणि अखेर एक्स गुणसूत्राच्या टोकाशी, स्टर्टेव्हंटने शून्य लिहिलं होतं तिथे, त्याचं अक्षरामागून अक्षर जुळतं. तिथे रफू होतं. ज्या माश्यांवर हे केलं त्यांत 'येलो'चा सुरुवातीचाच कोडॉन, म्हणजे पहिला तीन-अक्षरी शब्द, बिघडलेला होता, म्हणून त्या पिवळ्या. रफू झालेल्या बीजपेशीतून निघालेली संतती तपकिरी निघाली. नरांपेक्षा माद्यांत हे जास्त वेळा जमलं.

रफूला खोट होतीच. या पहिल्या रीतीत सगळं पार्सल आत शिरे आणि जनुकाच्या दोन प्रती एकापुढे एक लागत, कोटाच्या भोकावर अख्खा खिसा शिवावा तशा. 2003 मध्ये वेई गाँग आणि गोलिक यांनी टोकं दुसऱ्या बाजूला ठेवून सरळ बदली करून दाखवली. तरी एकेका जनुकामागे महिने जात. पार्सल बांधा, टोचा, क्रॉस करा, तापवा, हजारो माश्या चाळा.

चाळणं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सच्छिद्र फळीवर माश्या ओतायच्या, त्या निपचित पडल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने एकेक उलटून बघायची: डोळे, पंख, केस, अंगाचा रंग. नको त्या डाव्या बाजूला, तिथून तेलाच्या बाटलीत. हव्या त्या उजवीकडे. पुढच्या क्रॉससाठी कोऱ्या, म्हणजे नराशी संग न झालेल्या माद्या लागतात, म्हणून कोषातून निघाल्यापासून आठेक तासांत त्या वेगळ्या काढायच्या. पोटावर अजून काळसर ठिपका दिसतो तीच खात्रीची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रविवारीही. ज्याने हे केलं आहे त्याला नेमकेपणा हा शब्द मानेच्या दुखण्यातून आठवतो.

राँग-गोलिक यांनी धागा फाडला होता, कापड नव्हे. अख्ख्या कोटावर भोकच नसताना रफूगराला धागा देऊन बसवलं होतं, असं म्हणा. त्याने काम केलं हे त्याचं कौतुक. पण भोक असतं तर तो धावून आला असता. हे ओळखलं त्याच विद्यापीठातल्या डॅना कॅरलने. झिंक फिंगर नावाची प्रथिनं डीएनएवरची तीन-तीन अक्षरं ओळखतात. तीन फिंगर एकापुढे एक जोडले की नऊ अक्षरांचा पत्ता वाचता येतो. अशा प्रथिनाला एक अर्धी कात्री लावायची. दोन अर्ध्या कात्र्या समोरासमोर आल्याशिवाय कापायचं नाही, अशी तिची जात. नऊ आणि नऊ, पुन्हा अठरा. 2002 मध्ये मरिना बिबिकोव्हा, मेरी गोलिक, केंट गोलिक आणि कॅरल यांनी ही जोडी माशीवर चालवली. कोणत्या जनुकावर? 'येलो'वर. तापवलेल्या अळ्यांतून तपकिरी नर निघाले आणि काहींच्या अंगावर पिवळे डाग होते. ते डाग टाक्यांचे: कापड ठरल्या जागी फाटलं होतं, समोर धागा नव्हता, म्हणून पेशींनी टोकं चिकटवली आणि अक्षरं गळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी सोबत धागाही दिला, आणि रफूचं प्रमाण चांगलंच वाढलं.

पुढे आणखी एक खुबी निघाली. टाका घालायला पेशीला लायगेज-4 नावाचं एक एन्झाइम लागतं. ते नसलेल्या माश्या जगतात. त्यांच्या अंड्यात कात्री आणि धागा टोचला की टाक्याचं दार बंद असल्यामुळे पेशी रफूकडे जास्त वळते. कारागिरीत आपण केलेली ढवळाढवळ ती एवढीच. रफू कसं करायचं हे आपण माशीला शिकवलेलं नाही.

झिंक फिंगरची अडचण कारखान्याची होती. दर नव्या पत्त्यासाठी नवं प्रथिन घडवा आणि ते चालतं का बघा. क्रिस्परने तो त्रास संपवला. यात कात्री एकच, एका जिवाणूचं कॅस-9 हे प्रथिन. पत्ता आरएनएच्या 20 अक्षरांत लिहिलेला. पत्त्याला लागून डीएनएत दोन जी हवेत, एवढी एकच अट. वीस घरांचे शब्द सुमारे 1 लाख 10 हजार कोटी. थोड्याफार चुकीच्या जागीही कात्री कधी चालते, पण बहुधा ठरल्या जागी जाते. 2013 मध्ये विस्कॉन्सिनच्या स्कॉट ग्रॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 'येलो'च्या दोन्ही कडांना दोन काप दिले, अख्खं जनुक काढलं आणि त्या जागी 50 अक्षरांची एक गोदी बसवली. पुढे काहीही आणून त्या गोदीला लावता येतं. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधून अँड्र्यू बॅसेट आणि सहकाऱ्यांनीही माशीत क्रिस्पर चालवून दाखवलं. त्यांची पहिली माशी कोणत्या रंगाची, हे आता सांगायला नको. आज पत्ता कागदावर लिहून मागवता येतो. टोचणं, क्रॉस आणि ब्रश मात्र तेच. आणि सांधणारी तीच.

2015 मध्ये सॅन डिएगोत व्हॅलेंटिनो गँट्झ आणि ईथन बायर यांनी एक साधा प्रश्न विचारला. धाग्यावरच कात्री आणि पत्ता लिहिला तर? कॅस-9 आणि 'येलो'चा पत्ता यांचा मजकूर मध्ये, दोन्ही बाजूंना 'येलो'चे तुकडे. एका गुणसूत्रावर हे रफू झालं की तिथून कात्री तयार होते. ती जोडीदार गुणसूत्रावरचं चांगलं 'येलो' फाडते. पेशी रफूला बसते, समोर नमुना शोधते, आणि तिला सापडते ती कात्रीवाली प्रत. ती तीच उतरवते. माशीत जोडीची गुणसूत्रं सगळ्या शरीरात एकमेकांना चिकटून राहतात. नेटी स्टीव्हन्सने हे 1908 मध्येच पाहिलं होतं. नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. या पिवळ्या मादीचा क्रॉस तपकिरी नराशी केला की मेंडेलच्या हिशोबाने मुली तपकिरी व्हायला हव्यात, कारण बापाकडून चांगली प्रत आलेली असते. बहुतेक सगळ्या पिवळ्या निघाल्या. बापाची प्रत माशीनेच पुसून टाकली होती, दुरुस्ती करता करता.

त्याच वर्षी हीच रचना ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डासात बसवली गेली. मुंबईच्या गच्च्यांवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा, शहरातला मलेरिया पसरवणारा तोच हा डास. प्रयोग कॅलिफोर्नियात, बंद पिंजऱ्यात झाले. मलेरियाच्या परजीवीला रोखणारं जनुक या वाटेने डासांच्या अख्ख्या वस्तीत पसरवावं, असा विचार त्यामागे होता. पिंजऱ्याबाहेर ते सोडावं का, यावर वाद आहे. माझ्या मते त्या वादात एक वाक्य कधीकधी राहून जातं: डासाच्या पेशीला धागा दिला तरी ती रफू करीलच असं नाही. एखाद्या बीजपेशीत ती टाकाच मारते.

टाका मारला की दोन-चार अक्षरं गळतात, आणि ती नेमकी पत्त्यातली असतात. तीन अक्षरं गेली तर जनुक पुष्कळदा चालूच राहतं. कात्रीला मात्र ती जागा पुन्हा ओळखू येत नाही. माशीतही हेच होतं: सूक्ष्मदर्शकाखाली फळीवर पन्नासेक पिवळ्या मुली निपचित पडलेल्या असतात, त्यांत एक तपकिरी. ब्रशच्या टोकाने तिला बाजूला सारतात, वेगळ्या व्हायलमध्ये ठेवतात आणि लेबलावर तारीख घालतात. व्हायल आडवी ठेवायची असते, नाहीतर शुद्धीवर यायच्या आत ती खळीत चिकटून मरते.